कारणाचा रकाना

मेडोज स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
पाटीवरचं ‘आर्म्स’ पुसलं गेलंय, ‘अँड कंपनी’ तेवढं उरलंय.
लोक छत्र्या दुरुस्तीला घेऊन येतात.

काल एक मुलगा आला, टेक्ससहून परतलेला.
मोबाइलवर फोटो. काळी, सडपातळ.
म्हणाला, काका, ही सेमी-ऑटोमॅटिक.
तिकडे ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला,
दुकानदाराने चौकशीचा फोन लावला, झालं.
प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी म्हणे,
एकात दिवस मोजत बसायचं, शेजारच्यात नाही.
इथे काय काय लागतं?

म्हटलं, ही तुला मिळायची नाही.
तरी त्याला ऐकायचं होतं,
आणि दुपारी माझ्याकडे पंखा सोडून कुणी नव्हतं.

जुनी, साधी, दोन नळ्यांची मागितलीस तरी सांगतो.
अर्ज. डॉक्टर, अंगाचा आणि डोक्याचाही.
आयकराचे कागद. चालवायला शिकलास त्याचा दाखला.
कुठे ठेवणार, ते कपाट आणि त्याचं कुलूप.
मग चौकीतला हवालदार तुझा जिना चढेल,
नेमका तू घरी नसताना,
आणि समोरच्या दाराला विचारेल,
भांडतो का? पितो का? रात्री आवाज येतात का?
म्हणजे बंदूक तुझ्या हातात यायच्या आधी
समोरच्या काकूंच्या तोंडात.
मग साहेबांपुढे मुलाखत.
मग काही नाही. महिनोन्‌महिने काही नाही.

तो हसला. काका, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ठाऊक आहे ना?
एकदा चाप ओढला
की पुढची गोळी आपणहून जागेवर येऊन बसते.

ठाऊक आहे रे. एकेचाळीस वर्षं झाली इथे.
पण या शहरात आपणहून काही येऊन बसत नाही.
एकेक कागद कुणीतरी हाताने पुढे सरकवायचा,
अंगठ्याला थुंकी लावून,
आणि तेवढ्यात माणूस
कधीकधी निवतो.

अर्जात एक रकाना आहे : शस्त्र कशासाठी?
सराफ लिहितो रोकड. बिल्डर लिहितो धमकी.
एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘आमच्यात असते’.
भीती असं कुणीच लिहीत नाही.
सगळे स्वसंरक्षण लिहितात, त्यातही अनुस्वार विसरतात.

मुलगा गेला. मी मागच्या खोलीचं कुलूप काढलं.
इथे सांभाळायला ठेवलेल्या असतात.
मेलेल्यांच्या, परदेशी गेलेल्यांच्या,
भाऊबंदकीत अडकलेल्या.
प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी.
ताहेरभाई गेले, तेव्हापासून तेल मीच घालतो.

एक चिठ्ठी कुंजलता धैर्यवान, ठाकूरद्वार.
नवरा शिकारी होता. तो गेल्यावर बंदूक
बेडशीटमध्ये गुंडाळून टॅक्सीने आणली,
मांडीवर आडवी, झोपलेल्या पोरासारखी.
पोराच्या नावावर करून घ्या, मी म्हटलं,
वारसाला अर्ज करता येतो.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, तो रात्री झोपत नाही हो.
एवढंच.

घेताना कारण विचारणारा रकाना आहे.
ठेवून जाताना नाही.
मी ‘दुरुस्ती’ लिहिलं.

दरवर्षी श्रावण सरला की बाई पैसे भरायला येते.
पायरी चढताना थकते, स्टूलवर टेकते.
आहे ना? ती विचारते.
आहे.
मग मी विचारतो, आहे ना?
ती पदराने मान पुसते. आहे. कालच पोळी मागून घेतली.

मी पावती फाडतो.
भाडं चारशे. तेलाचे लावत नाही.